मदत हवी आहे: क्रिलला चिकटणाऱ्या परजीवीची आकृती कशी काढावी?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. गेल्या महिन्यात घरी कोळंबी सोलताना एकीचा उजवा गाल फुगलेला दिसला. कोकणातून बर्फात आलेला माल, वाटलं दबून झालं असेल. नखाने कवच उचललं तर आत कल्ल्यांना चिकटून एक चपटा, फिकट, एका अंगाला कललेला जीव! पोटाखाली अंडी गच्च भरलेली. सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे गं, सडलीय ती." मी मात्र तो वाटीतल्या पाण्यात सोडला आणि भिंग घेऊन बसले. शेपटाकडे तिळापेक्षा लहान असं काहीतरी अडकलं होतं. तो नर, आणि मोठी ती मादी. बोपायरिड म्हणतात यांना. कुंडी उचलली की गोळी होऊन पडणारा किडा असतो ना, त्याच्याच गणातले, म्हणजे आयसोपॉड.

वर्गात दाखवल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, देवमासे खातात त्या कोळंबीसारख्या छोट्या क्रिललाही असलं काही चिकटतं का?" तिथून मी यात शिरले आणि आता अडकले आहे.

वाचून एवढं कळलं: कोळंबीचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात, म्हणून बोपायरिडला आयती खोली मिळते. क्रिलचे कल्ले उघडेच लोंबतात, लपायला जागाच नाही. तिथे डाजिड कुळातले आयसोपॉड सापडतात. त्यांतला नोटोफ्रिक्सस क्रिलच्या पाठीवर बसतो, ब्रँकिओफ्रिक्सस कल्ल्यांवर. ऑक्युलोफ्रिक्सस तर डोळ्यांच्या देठांना धरतो, त्याचं वर्णन १९९६ साली आलं. वाहत्या पाण्यात, पोहणाऱ्या प्राण्याच्या अंगावर उघड्यावर बसून रक्त प्यायचं, म्हणजे पकड केवढी पक्की हवी!

मला फळ्यावर मोठी आकृती काढायची आहे. पण मिळालेली चित्रं सगळी पाठीकडून काढलेली, त्यात नुसती फुगलेली पिशवी दिसते. पाय कुठे, तोंड कुठे? आणि माझ्याकडचा बोपायरिड नमुना म्हणून दाखवला तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, नमुने तपासण्यात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगतो.

आकृती पोटाकडून काढा. डाजिड मादीचे पाय पाचच जोड्या, आणि त्या अंगभर पसरलेल्या नसतात. सगळ्या पुढे, तोंडाभोवती दाटीने असतात, टोकाला आकडे. म्हणजे जिथे धरायचं तिथेच प्यायचं. मागचा सगळा फुगवटा पिल्लांच्या पिशवीचा. तुमच्या बोपायरिडला पायांच्या सात जोड्या, शिवाय अंग वाकडं. डाजिड बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्यामुळे पायांसाठी तुमचा नमुना दाखवू नका, मुलं चुकीचं शिकतील.

तोंडासाठी मात्र जरूर दाखवा. वरचा ओठ आणि खालचा ओठ मिळून शंकू होतो, त्यात जबडे सुईसारखे बारीक झालेले असतात. त्या सुया कवच भेदतात आणि रक्तद्रव ओढला जातो. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. शंकू अलगद सोडवून लॅक्टिक आम्लात ठेवलात की पारदर्शक होतो.

आणि एक. क्रिलच्या पाठीतून फांद्यांसारखं काही उगवलेलं चित्र सापडलं तर ते आयसोपॉड समजू नका. ते थॅलॅसोमायसिस, एकपेशीयांच्या गोतावळ्यातलं. त्याची मुळं आत रुतून क्रिलचं अन्न शोषतात, बाहेर फक्त बीजाणू तयार करणारा भाग दिसतो.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार! "जिथे धरायचं तिथेच प्यायचं" हे वाक्य मुलांना असंच्या असं सांगणार आहे. काल शंकू काढायला बसले. पहिला तुटला, पण दुसऱ्या नमुन्यात सुयांची टोकं स्पष्ट दिसली. हा दुसरा नमुनाही बाजारातल्या कोळंबीतलाच. आता मासळीवाल्या मावशी फुगलेल्या गालाच्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

फक्त एक शंका राहिली. क्रिल आयुष्यभर कात टाकत असतो. थॅलॅसोमायसिसची मुळं आत असतात, त्यामुळे ते टिकणार. पण पाठीवर नुसत्या आकड्यांनी धरलेला डाजिड त्या वेळी काय करतो? कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर लिहा.