मदत हवी आहे: श्रुतिकेत 'ध'चा 'मा' ऐकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं हौशी मित्र एक विज्ञान-श्रुतिका करतोय. चाळीसेक मिनिटांची, आणि हट्टाने निवेदक न घेता. आजच्या पुण्यातली एक मुलगी कालप्रवास करून 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात पोचते. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दिवस. राघोबादादांचं पत्र गारद्यांच्या, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांच्या, हाती पडण्याआधी अडवायचं, एवढंच तिचं काम.

कारस्थान बऱ्यापैकी उतरलंय. थकलेल्या पगारासाठी आरडाओरडा करत घुसलेले गारदी, कैदेतले राघोबादादा (नारायणरावांचे काका), तुळाजी पवार, धन्याला वाचवायला मधे पडलेला चापाजी टिळेकर. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपतीचे दिवस; त्यामुळे लांबून टाळ-झांजा आयत्याच मिळाल्या. आधी कारंज्याचाही आवाज घातला होता. मग लक्षात आलं, हजारी कारंजं नारायणरावांच्या मुलासाठी, सवाई माधवरावांसाठी केलेलं, आणि ते तर अजून आईच्या पोटात! काढून टाकलं.

अडलंय पत्रापाशी. राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे'चं त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'मारावे' केलं ही आख्यायिका आहे, तसं मूळ पत्र कुणी पाहिलेलं नाही, हे ठाऊक आहे. पण ती सोडवत नाही. गोची अशी की ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. पहिल्या खर्ड्यात आनंदीबाई स्वतःशीच "आता धचा मा करते" म्हणत होत्या. वाचनाला आम्हीच हसलो. मग नुसती बोरूची, त्या काळच्या लेखणीची, करकर ठेवली. बायकोला ऐकवली, तर म्हणाली, "उंदीर आहे का?"

आणखी एक: कालप्रवासी मुलीला वेळ कशी कळावी? घड्याळ दाखवता येत नाही.

बोरूबहाद्दर:
वेळेचं सोपं आहे. घटिकापात्र ठेवा, म्हणजे पाण्यावर सोडलेली, बुडाला भोक असलेली वाटी. वाटी बुडाली की टोला. घटका 24 मिनिटांची, तेव्हा तुमच्या चाळीस मिनिटांत खरा टोला एखाददुसराच पडेल, पण पडेल तेव्हा छातीत धस्स व्हायला हवं.

पत्राबद्दल एक विचारतो: तुमच्या मुलीला मोडी, ती जुनी लिपी, येते का? पत्र मोडीतच असणार. आजची मुलगी ते हातात धरेल आणि तिला ओ की ठो कळणार नाही. म्हणजे कुणाकडून तरी वाचून घेणं आलं. एकदा कारकुनाकडून, तो वाचतो "धरावे". मधे तुमचा उंदीर. मग दुसरा कुणी तेच पत्र वाचतो, आणि सगळी वाक्यं जशीच्या तशी, फक्त एक अक्षर वेगळं. 'काका, मला वाचवा'च्या आधी तुम्हाला 'काका, मला वाचून दाखवा' मिळालं की!

धागाकर्ता:
बोरूबहाद्दर, साष्टांग दंडवत! मोडीचं डोक्यातच आलं नव्हतं. पत्र तिच्याच हातात आहे आणि तरी तिला अडवता येत नाही, हे तर कारस्थानापेक्षा भारी.

आता पहिलं वाचन इतकं सपक हवं की ऐकणाऱ्याने 'धरावे' कानाआड करावं, पण दुसऱ्या वेळी मात्र दचकावं. आमच्या चौघांपैकी जो तो पहिल्याच वाचनाला सूर लावतो. सरकारी नोटीस वाचल्यासारखं कोरडं वाचणारं कुणी आहे का इथे? मानधन नाही, चहा आहे.