अँटीव्हायरस चालू असलं की गेम तटतं, काढूनच टाकू काय?

अनगोळचा_लॅगवाला

नमस्कार मंडळी. वैताग आलाय म्हणून लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. माझा पीसी असा आहे, आय फाइव्ह नववी जनरेशन, 8 जीबी रॅम, 1650 कार्ड, 1 टीबी साधी हार्ड डिस्क, विंडोज 10. एकटा असलो की जीटीए फाइव्ह आणि पोरं ऑनलाईन आली की व्हॅलोरंट, बाकी काय जास्त नाही.

आता कॉलेज, मग क्लास, मग जेवण, हे सगळं उरकून रात्री साडेनऊला पीसी चालू करतो आणि पहिला दीड तास नुसता तमाशा होऊलंय. सरळ रस्त्यावर गाडी चांगली पळते पण वळण घेतलं की पुढचा रस्ताच येत नाही, स्क्रीन अर्धा सेकंद तटते, मग एकदम झटका देऊन पुढं. 60 वरनं 20 एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं). आणि गंमत म्हणजे अकरा वाजले की आपोआप सगळं बरं होतं, कोणी जादू केल्यासारखं. तोपर्यंत आई लाईट बंद कर म्हणून ओरडायला लागलेली असते.

टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क 100 टक्के आणि वरती अँटीव्हायरसचं नाव. पीसी घेतला तेव्हा दुकानातनंच एक अँटीव्हायरस घालून दिलेलं (त्याचं वर्ष संपलं, रोज खालच्या कोपऱ्यात रिन्यू करा म्हणतं). त्यावर चुलतभावानं दिवाळीत येऊन आणि एक फ्री वालं घातलं. दुकानात विचारलं दोन दोन चालतात काय, तर तो कन्नडमधनं म्हटला "एन आगूदिल्ल री", म्हणजे काय होत नाही. म्हणून तसंच ठेवलं.

सगळं उडवून टाकू काय? अडचण एकच, ताई ह्याच पीसीवर प्रोजेक्ट करते आणि प्रिंट काढायला तिचा पेनड्राईव्ह रोज झेरॉक्सच्या दुकानात जातो.

निपाणी_रँक_पुश

उडव की मर्दा. मी दोन वर्षं काय वापरत नाही, एकदम मक्खन चालायलंय. गेम खेळणाऱ्यानं अँटीव्हायरस घालणं म्हणजे पळायच्या शर्यतीत रेनकोट घालून उतरणं.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

निपाणीकर, तू "वापरत नाही" म्हणतोस पण तुझ्या विंडोजमध्ये डिफेंडर (विंडोजबरोबरच येणारं अँटीव्हायरस) चालूच असणार, मुद्दाम बंद केल्याशिवाय ते जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" असं दिसलं तर तेच ते.

अनगोळ भावा, तुझं दुखणं मला ओळखीचं वाटतंय, कारण आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसमधल्या ड्रॉइंगच्या पीसीला हेच झालेलं. तिथं गेम नाही, ऑटोकॅड. फाईल उघडायला चहा पिऊन यायचं. सगळे म्हणायचे कॉम्प्युटर म्हातारा झाला, नवीन घ्या.

अँटीव्हायरस काय करतं बघ. कुठल्याही प्रोग्रामनं फाईल उघडायला मागितली की ते मध्ये थांबवतं, फाईल तपासतं, मग पुढं सोडतं. चेकपोस्टवर गाडी थांबवून डिकी उघडून बघतात तसंच. एकदा बघितलेली फाईल बदलली नसेल तर बहुतेक अँटीव्हायरस ती पुन्हा पूर्ण तपासत बसत नाहीत, त्यामुळं एरवी जाणवत नाही. पण गेमच्या फाईली म्हणजे भल्यामोठ्या पोत्या, एकेक काही जीबीची, आणि अपडेट आलं की पोतं बदललं, परत तपासणी. तुझ्याकडं तर चेकपोस्ट दोन आहेत. ह्यानं उघडलेली फाईल तो तपासतो, त्यानं उघडलेली हा तपासतो. दुकानवाल्याला म्हणावं एन आगूदिल्ल नव्हं, सगळं आगलंय.

आता हार्ड डिस्कचं. साधारण 7200 आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या. आतली सुई पाहिजे त्या जागी न्यायची, मग ती जागा फिरून खाली यायची वाट बघायची, म्हणजे विखुरलेल्या फाईली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला जेमतेम 80-100 ठिकाणी हात पोचतो. त्यात गेम म्हणतो मला वळणापुढची बिल्डिंग दे, अँटीव्हायरस म्हणतो मला 2019 चे लग्नाचे फोटो तपासायचेत. सुई इकडनं तिकडं. म्हणून तुझी गाडी सरळ पळते आणि वळणावर तटते, कारण वळणावरच नवीन माल डिस्कवरनं आणायचा असतो. ग्राफिक्स कार्डाची त्यात काय चूक नाही. ते कमी पडत असतं तर सगळीकडंच सारखं कमी पडलं असतं, अकराच्या आधी पण आणि नंतर पण.

मला दोन गोष्टी सांग. एक, रिसोर्स मॉनिटर उघड (टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधनं जाता येतं), डिस्कच्या टॅबमध्ये अँटीव्हायरस कुठली फाईल वाचूलंय ते बघ, गेमच्या फोल्डरमधली का दुसरीच. दोन, दोन्ही अँटीव्हायरसमध्ये शेड्युल्ड स्कॅन किती वाजता लावलाय.

अनगोळचा_लॅगवाला

बघितलं. गेमच्या फाईली अधूनमधून दिसतात पण जास्त करून ताईच्या फोटोंचं फोल्डर आणि माझ्या जुन्या डाऊनलोडमधल्या झिप फाईली. म्हणजे लग्नाचे फोटो हे तू गंमतीनं लिहिलेलं खरंच निघालं 😂

शेड्युल बघितलं तर फ्री वाल्यात दररोज दुपारी 1 वाजता फुल स्कॅन. दुपारी मी कॉलेजात, पीसी बंद. म्हणजे ते पण कारण नव्हं. कायकी, मला काय कळेना.

खानापूर_डबल_ट्रॅक

अरे तेच तर कारण आहे! त्याच शेड्युलच्या पानावर खाली एक टिक असेल बघ, स्कॅन चुकला तर पीसी पुढच्या वेळी चालू झाल्यावर करा, अशा अर्थाची. आमच्याकडं पावसाळ्यात दुपारी लाईटच नसते, तेव्हा रोजचा स्कॅन रोज चुकायचा आणि रात्री लाईट आली, पीसी लावला की पहिलं काम तेच. मी आठवडाभर इन्व्हर्टरला शिव्या दिल्या. फुल स्कॅन दीड तास चालला की साडेनऊचे अकरा वाजले, हिशोब लागला ना.

अनगोळचा_लॅगवाला

टिक आहे!! अण्णा पाया पडतो.

पण मग त्यात "गेमिंग मोड" पण चालू दाखवतं की. ते काय शोभेला?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

गेमिंग मोड म्हणजे बहुतेकांत एवढंच असतं, नोटिफिकेशन दाबून ठेवायचे, अपडेट आणि शेड्युल्ड स्कॅन पुढं ढकलायचा. फाईल उघडताना होणारी तपासणी चालूच राहते, आणि ती राहायलाच पाहिजे. आता तुझ्याकडं स्कॅन पण का ढकलला नाही, तर एक प्रश्न, तू गेम फुल स्क्रीनवर खेळतोस का बॉर्डरलेस विंडोमध्ये (दिसायला फुल स्क्रीन, पण खरं साधी विंडोच)?

अनगोळचा_लॅगवाला

बॉर्डरलेस. मध्येच व्हॉट्सॲप बघायला सोपं पडतं म्हणून.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

झालं मग. बऱ्याच अँटीव्हायरसना पूर्ण फुल स्क्रीन असेल तरच गेम चाललाय हे कळतं. बॉर्डरलेस म्हणजे त्याच्या लेखी तू वर्ड उघडून बसलायस.

माझं मत विचारशील तर दोन्ही काढ आणि नुसतं डिफेंडर ठेव. काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नको, कंपन्यांची स्वतःची सफाईची टूल असतात त्यांच्या साईटवर, ती चालव, रीस्टार्ट कर, कारण ड्रायव्हरचे तुकडे मागं राहतात. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये "मॅनेज प्रोव्हायडर्स" म्हणून आहे, तिथं आता राखणदार कोण आहे ते दिसतं. दुसरं अँटीव्हायरस असेपर्यंत डिफेंडर स्वतःहून बाजूला होतं आणि ते गेल्यावर परत जागेवर येतं, पण एकदा डोळ्यानं बघून घे.

आणि डिफेंडर म्हणजे अगदी देवमाणूस असं पण समजू नको. त्याचा शेड्युल्ड स्कॅन सीपीयू साधारण 50 टक्क्यांपर्यंतच वापरतो असं मुळात सेट असतं, पण ती मर्यादा सीपीयूची झाली, तुझ्या हार्ड डिस्कच्या सुईची नव्हं. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात विंडोज डिफेंडर असं आत गेलास की शेड्युल्ड स्कॅन सापडेल. पीसी चालू असतो पण तू खेळत नाहीस अशी वेळ लाव. रविवारी सकाळी आंघोळीला जातोस तेव्हाची लाव हवं तर.

चिकोडी_टॅली_मॅडम

मी गेम खेळत नाही, ऑफिसात टॅलीसाठी हेच सगळं केलंय म्हणून दोन शब्द. आता कोणीतरी येऊन सांगणारच की एक्सक्लूजन घाल (म्हणजे अमुक फोल्डर तपासू नको असं अँटीव्हायरसला सांगणं), म्हणून आधीच लिहिते.

एक्सक्लूजन घालायचं तर फक्त गेम जिथं इन्स्टॉल आहे तेवढंच फोल्डर घाला. अख्खा डी ड्राईव्ह नको आणि डाऊनलोड तर अजिबात नको. आमच्या ऑफिसात एका मुलानं अख्खा ड्राईव्ह घातला आणि मग पेनड्राईव्हवरनं आलेलं सगळं बिनबोभाट त्याच ड्राईव्हवर जाऊन बसलं. डिफेंडरमध्ये फोल्डर घातलं की त्यातल्या फाईली तपासल्याच जात नाहीत. प्रोसेस म्हणून घातलं तर त्या प्रोग्रामनं उघडलेल्या फाईली खेळतानाच्या तपासणीतनं सुटतात, पण शेड्युल्ड स्कॅनमध्ये येतात आणि त्या प्रोग्रामची स्वतःची फाईल पण तपासली जातेच. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

आणि एक, त्या एक्सक्लूजनच्या यादीत तुम्ही न घातलेलं काही आहे का तेही बघा. काही व्हायरस आत शिरल्याबरोबर पहिलं स्वतःचं नाव त्या यादीत घालतात. आता जरा स्पष्ट विचारते, राग मानू नका, गेम विकत घेतलेला आहे ना? फुकटच्या गेमबरोबर "आधी अँटीव्हायरस बंद करा" अशी सूचना असते. चोरानं राखणदाराला सुट्टी द्यायला सांगावं आणि आपण ती द्यावी. मग त्यातनं मायनर (चोरून क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्राम) आला की कार्ड रात्रंदिवस दुसऱ्याच्या नाण्यासाठी राबतं, आणि त्यातले काही तर टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात.

अनगोळचा_लॅगवाला

मॅडम जीटीए सेलमध्ये घेतलाय, पावती दाखवू काय 😄 पण निपाणीकर गप्प का झाला?

निपाणी_रँक_पुश

मी माझी एक्सक्लूजनची यादी बघायला गेलोय. त्यात एक फोल्डर आहे, ते मी घातलेलं नाही. बोलू नंतर.

चिकोडी_टॅली_मॅडम

इंटरनेट काढा आधी. आणि विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शनमध्ये ऑफलाईन स्कॅन आहे तो लावा, विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो. पासवर्ड मोबाईलवरनं बदला, त्या पीसीवरनं नको.

गोवावेस_पिंग_९९

मध्येच विचारतो, अँटीव्हायरसमुळं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) पण वाढतो काय? माझा व्हॅलोरंटला मुंबईच्या सर्व्हरला कधी 35 कधी 180.

खानापूर_डबल_ट्रॅक

असा खालीवर उड्या मारत असेल तर पहिलं वायफाय बघ. राऊटर हॉलमध्ये, तू माडीवर, मध्ये जुन्या घराची दगडी भिंत, असलंच काहीतरी असणार. एकदा केबल लावून खेळ मग बोल. वेगळा विषय काढ, इथं घोळ नको.

अनगोळचा_लॅगवाला

चार दिवसांनी अपडेट.

दोन्ही काढली. संपलेल्या वर्षाचं जे होतं ते काढताना तीनदा "खरंच जाणार?" विचारलं, सासरी निघालेल्या मुलीला विचारल्यासारखं. सफाईचं टूल चालवलं, रीस्टार्ट, मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये आता एकटं डिफेंडर. स्कॅन रविवारी सकाळी आठला लावला. एक्सक्लूजन अजून काहीच घातलं नाही, आधी बघू म्हटलं.

मग रोज साडेनऊला गेममधला तोच रस्ता चालवून बघितला, विमानतळावरनं सँडी शोअर्सपर्यंत, तीच गाडी. आधी गेम लोड व्हायला मोबाईलवर मोजलं तर 4 मिनिटं लागायची, आता 1 मिनिट 50 सेकंद. वळणावर आधी पाच-सहा ठिकाणी तटायचं, आता शहरातनं जोरात गेलं तर एक-दोन ठिकाणी बारीकसं. बाकी सरळ 60.

ताईचा पेनड्राईव्ह काल झेरॉक्समधनं आला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, डिफेंडरनं लावल्या लावल्या दोन फाईली पकडल्या. तिच्या मूळ फाईली आतच होत्या, हिडन झालेल्या, परत दिसायला लावल्या. आता ती प्रिंटला पीडीएफ मोबाईलवरनं पाठवते.

ते उरलेलं एक-दोन ठिकाणचं काय करू?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट

ती डिस्क आहे भावा, अँटीव्हायरसनं जेवढं खाल्लं होतं तेवढं परत आलं, आता ह्याच्या पुढं सेटिंगनं काय होणार नाही. पैसे साठले की एसएसडी (आत फिरणारं काही नसलेली वेगवान डिस्क) घाल, 500 जीबी पुरे, विंडोज आणि दोन्ही गेम त्यावर आणि फोटो जुन्या डिस्कवर. ती बदलतानाच विंडोज 11 पण टाकून घे, तुझ्या नवव्या जनरेशनला चालतं, 10 चा साधा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपलाय. टाकायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंग चालू कर, नाहीतर 11 वर व्हॅलोरंट उघडणार नाही आणि परत इथं येशील.

दुकानात जाऊन बसवणार असशील तर समोर उभा राहा. आणि काहीतरी अँटीव्हायरस घालून देतो म्हटला तर नको म्हण.

अनगोळचा_लॅगवाला

कन्नडमधनं म्हणतो, ब्याड री.