मदत हवी आहे : डेटा सेंटर बंद करतोय, डिस्क कशाने पुसू?

महापे_रात्रपाळी
नमस्कार. घाईत आहे म्हणून थेट विचारतो. आमचं महापेतलं डेटा सेंटर बंद होतंय. काम सगळं नव्या जागी हललं, जुनं नुसतं चालू ठेवलंय. ३१ तारखेला जागा मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. ९ रॅक आहेत. डिस्क पुसण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरू, एवढंच सांगा. साहेबांना प्रमाणपत्र हवंय, ते भंगारवाला देतो म्हणालाय.

ठाण्याचा_विनू
एवढंच कसं सांगणार? डिस्क फिरत्या की एसएसडी, म्हणजे चिपवाल्या? किती? सॅन, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून वापरतात ते डिस्कचं कपाट, आहे का? डेटा एन्क्रिप्ट होता का? आणि भंगारवाल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी आहे का?

लोखंडी_हात
सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ड्रिल मशीन आणा, प्रत्येक डिस्कला तीन भोकं पाडा, विषय संपला. आम्ही २०१५ साली दोन दिवसांत ३०० डिस्क अशाच उडवल्या. ना वीज लागली, ना लायसन्स.

ठाण्याचा_विनू
दादा, २०१५ला फिरत्या डिस्क असतील. अडीच इंची एसएसडी एकदा उघडून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये आतलं सर्किट अर्ध्या डबीतच मावतं, बाकी नुसती हवा. ड्रिल त्या रिकाम्या भागातून आरपार जातं, चिपला धक्काही लागत नाही आणि आपल्याला वाटतं काम झालं. एसएसडी फोडायचीच असेल तर श्रेडरमध्ये, चिपचे तुकडे होतील इतकी बारीक.

लोखंडी_हात
मग डिगॉसर लावा, जोरदार चुंबकाने डिस्क पुसणारं यंत्र. भाड्याने मिळतो.

ठाण्याचा_विनू
चुंबकाचा एसएसडीवर काही परिणाम नाही, तिथे डेटा चुंबकीय नसतोच.

आभाळमाया_७
मुळात स्वतःचं डेटा सेंटर ठेवायचंच कशाला? आम्ही तीन वर्षांपूर्वी सगळं क्लाउडवर नेलं. वीजबिल नाही, एसीची कटकट नाही. तुम्हीही विचार करा, खर्चाचा तक्ता हवा असेल तर देतो.

महापे_रात्रपाळी
क्लाउडचा प्रश्नच नाही, काम हललंय. फिरत्या आणि एसएसडी दोन्ही आहेत, मिळून दोनशेच्या वर. एन्क्रिप्शन नव्या सर्व्हरवर आहे, जुन्यांचं बघावं लागेल. सॅनचे दोन रॅक लीजवर आहेत, ते चालू स्थितीत परत द्यायचेत. तीनदा पुसायचं असतं ना? तसं धरलं तर वेळ पुरत नाही.

जुनी_टेप
लीजचं आत्ता सांगताय! अहो, ड्रिल मारलं असतं तर कंपनीने डिस्कचे पैसे वसूल केले असते. डिगॉस केलं तरी तेच, कारण आधुनिक डिस्कच्या सर्वो खुणाच (वाचणाऱ्या हेडला जागा दाखवणाऱ्या) पुसल्या जातात आणि ती पुन्हा कधी चालत नाही. आधी करार काढून वाचा, डिस्क स्वतःकडे ठेवायची सोय असते काही करारांत.

तीनदा पुसायची गरज नाही. तो जुना अमेरिकी संरक्षण खात्याचा संकेत लोकांच्या डोक्यातून जात नाही. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेप्रमाणे फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट, म्हणजे जुन्या डेटावर नवा लिहिणं, साधारणपणे पुरतं. ४ टीबीच्या डिस्कला त्यालाच सात-आठ तास लागतात, तीनदा म्हणजे अख्खा दिवस. मात्र एसएसडीवर ओव्हरराइट करू नका. राखीव सेल बाहेरून दिसत नाहीत, तिथे जुना डेटा राहतो. तिला तिच्याच फर्मवेअरचा सॅनिटाइझ किंवा सिक्युअर इरेज हुकूम द्या आणि नंतर वाचून खात्री करा.

दोन गोष्टी अडतील. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डाच्या) मागे असलेली डिस्क सुटी दिसत नाही, हॉट स्पेअर, म्हणजे बदली म्हणून राखून ठेवलेली डिस्क, तर पुसायची हमखास राहते. आणि सॅनच्या डिस्क बऱ्याचदा ५२० बाइट सेक्टरच्या असतात. साध्या लिनक्स मशीनला लावल्यावर त्या वापरता येत नाहीत, आधी एसजी_फॉरमॅट या लिनक्सच्या हुकमाने ५१२वर आणाव्या लागतात. त्याला प्रत्येकी काही तास जातात. सगळ्या एकदम लावता येतील असं शेल्फ जोडा, एकेक करत बसलात तर ३१ उलटून जाईल.

लेखापाल_मावशी
मी आयटी ऑडिट करते. सॉफ्टवेअर नंतर, आधी यादी. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने २०१६ साली दोन डेटा सेंटरं बंद करताना काम दिलं सामान हलवणाऱ्या कंपनीला, जिला डेटा नष्ट करायचा काहीच अनुभव नव्हता. न पुसलेली उपकरणं पुढे विकली गेली, ग्राहकांची माहिती असलेल्या डिस्क ऑनलाइन लिलावात निघाल्या. २०२०मध्ये ६ कोटी डॉलरचा दंड झाला, २०२२मध्ये आणखी साडेतीन कोटींचा. पुसायचं तंत्र त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोणती डिस्क कुठे गेली, यावर त्यांची नजरच राहिली नाही.

म्हणून डिस्क पुसल्याशिवाय गेटबाहेर जाऊ देऊ नका. प्रमाणपत्रावर 'एकूण नग २००' चालत नाही, सिरियल नंबरनिहाय ओळी हव्यात. आणि नंबर कॅडीच्या, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीच्या, स्टिकरवरून घेऊ नका. कॅडी अदलाबदल होतात. डिस्क बाहेर ओढून तिच्या स्वतःच्या लेबलवरचा नंबर स्कॅन करा.

फायरवॉलचे लॉगही लगेच पुसू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात, ते आधी नव्या जागी उतरवून घ्या.

नास_शोधतोय
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, घरी फोटो ठेवायला दोन डिस्कचा नास घ्यायचा आहे. सेकंडहँड एंटरप्राइझ डिस्क घेतल्या तर चालतील का? असे रॅक निघतात तेव्हा स्वस्तात मिळतात म्हणे.

जुनी_टेप
वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

वायरमन_घणसोली
सगळे डिस्कवरच बोलताय. रॅक काढायच्या आधी एफएम-२०० या आग विझवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचे ॲक्च्युएटर (गॅस सोडणारे भाग) अधिकृत माणसाकडून सुटे करून घ्या. आमच्या साइटवर केबल ट्रे ग्राइंडरने कापत होते. धुरामुळे डिटेक्टर वाजले, पॅनल ऑटोवर होतं, सगळा गॅस सुटला. माणसं आत होती. नशिबाने धावत बाहेर आली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. आणि यूपीएसच्या शिसाच्या बॅटऱ्या टेंपोत घालून पाठवू नका, २०२२च्या बॅटरी कचरा नियमांखाली नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायच्या.

लोखंडी_हात
हे मात्र बरोबर आहे. आणि लीजच्या डिस्कबद्दल माझा सल्ला मागे घेतो. स्वतःच्या मालकीच्या फिरत्या डिस्क असतील तर अजूनही फोडा म्हणेन, पण आधी पुसून.

महापे_रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. मावशींनी सांगितलं तसं आज दिवसभर दोघांनी यादी केली. रॅकमधल्या २१४ डिस्क स्कॅन झाल्या, १३ कॅडींवर नंबर वेगळा निघाला. मग एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) रजिस्टर काढलं. चार वर्षांत खराब म्हणून ११ डिस्क बदलल्यात. पाच कंपनीचा इंजिनिअर घेऊन गेला, चलानं आहेत. चार स्टोअरच्या कपाटात बबल रॅपमध्ये मिळाल्या, वर स्केचपेनने 'खराब' लिहिलेलं. दोन सापडत नाहीत. उद्या येणारी भंगारवाल्याची गाडी थांबवली आहे. साहेबांना आत्ताच फोन करून सांगितलं. जी डिस्क चालतच नव्हती तिच्यातून काही निघू शकतं का?

जुनी_टेप
निघू शकतं. कंट्रोलरने बाहेर काढलेली डिस्क बऱ्याचदा नुसत्या काही खराब सेक्टरपायी निघालेली असते, बाकी सगळी वाचता येते. रेड-१ मधली, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवलेल्या जोडीतली, असेल तर अख्खी प्रतच तिच्यावर. त्या दोन्ही कोणत्या सर्व्हरच्या, कोणत्या स्लॉटच्या होत्या आणि तिथे एन्क्रिप्शन चालू होतं का, हे आज रात्रीच बघा.

लेखापाल_मावशी
आणि त्या दिवसांचं गेटपासचं रजिस्टर सिक्युरिटीकडून मागवून घ्या. जागा सोडल्यावर ते मिळणार नाही.