उत्तरेचं अंगण, 22 बाय 14 फूट: दिवाळीला बाग फुललेली हवी

रिंगरोडपार
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नव्या घरी आलो, इंदूरलाच, बायपासकडे. त्याआधीचं सगळं आयुष्य रामबागेतल्या वाड्यात गेलं. तिथली बाग म्हणजे ओटल्यावरची तुळस आणि डालड्याच्या डब्यातली सदाफुली. आता घरासमोर 22 फूट लांब, 14 फूट रुंद मोकळी जागा मिळाली आहे आणि मी बावचळले आहे.
घर दुमजली, तोंड उत्तरेला. ऊन भरपूर; सध्या मे महिन्यात सकाळी सहाला जे येतं ते संध्याकाळी जातं. माती काळी, भेगा अशा की बोट आत जातं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.
एका माळ्याने 38 हजारांचं एस्टिमेट दिलंय: मध्ये लॉन, कडेने गुलाब, थंडीत पिटुनिया, कोपऱ्यात कारंजं. हे म्हणतात, देऊन टाक आणि मोकळी हो. सासूबाईंना रोज पूजेला फुलं हवीत. मला दिवाळीला दारात फुललेली बाग हवी. सुरुवात कुठून करू?

पोहेजलेबी
कारंजं? एक दिवसाआड पाण्यात? ताई, डास पाळायचे असतील तर बादली पुरते.
लॉनही नको. दोन वर्षं सांभाळलं, शेवटी हरळी आणि नागरमोथाच उरला. त्या पैशांत फरशीची एक वाट करा आणि बाकी झाडं लावा.

निवृत्त_भूगोल
मुली, पैसे देण्याआधी दोन मिनिटं माझं ऐक. सव्वीस वर्षं शाळेत कर्कवृत्त शिकवलं आणि स्वतःच्या अंगणात ते विसरले, म्हणून सांगते.
तुला आत्ता दिसतंय ते ऊन पाहुणं आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, उगवतो ईशान्येला, मावळतो वायव्येला, त्यामुळे उत्तरेचं अंगण भाजून निघतं. सप्टेंबर अखेरीला तो दक्षिणेकडे सरकतो आणि तुझं घरच आडवं येतं. गच्चीच्या कठड्यासकट घर 24 फूट धरलं, तर भर दुपारची सावली सप्टेंबर अखेरीस 10 फूट, ऑक्टोबरच्या मध्याला 14, दिवाळीच्या सुमारास 18 आणि डिसेंबरात 25 फूट पडते. तुझी जागा 14 फूट रुंद. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत तिथे दुपारचं ऊन नाही.
आता एस्टिमेट पुन्हा वाच. गुलाबाची छाटणी इकडे ऑक्टोबरात, बहर डिसेंबर-जानेवारीत. पिटुनिया तर थंडीचीच. मी अशाच अंगणात चाळीस पिटुनिया लावल्या होत्या, नोव्हेंबरात. काटकुळ्या लांब झाल्या, मान टाकून पडल्या, फुलं मोजून नऊ. आमचे 'हे' रोज सकाळी मोजायचे, मुद्दाम मोठ्याने.
म्हणून थंडीच्या फुलांचा हट्ट अंगणात करू नकोस, ती गच्चीवर कुंड्यांत लाव. अंगण उन्हाळ्या-पावसाळ्याला दे. मोगऱ्याला तर तुझी जागा मापून केल्यासारखी आहे. थंडीत तो तसाही झोपतो, तेव्हा पाणी कमी करायचं. जानेवारी अखेरीस छाटून शेणखत दिलं की मार्चपासून फुलतो, आणि मार्चमध्येच ऊन परत येतं. तीन-तीन फुटांवर चार झाडं, सासूबाईंची ओंजळ भरेल. सोबत तगर, ती अर्ध्या सावलीतही फुलते. घराच्या भिंतीलगत अडीच फुटांचा पट्टा सोनटक्क्याला आणि फर्नला. फाटकावर गोकर्ण. गुलबक्षी एकदाच लाव, पुढे तीच स्वतःचं बघते (नको तिथेही उगवेल, उपटायची).
कुंपणालगतच्या चार फुटांत ऊन सगळ्यात शेवटी संपतं, तिथे झेंडू. जुलैअखेर बी टाकलंस की साठ-सत्तर दिवसांत दसऱ्याच्या तोरणापुरती फुलं येतील. रोप वीतभर झालं की शेंडा खुड, जीव कळवळला तरी. दिवाळीसाठी ऑगस्टच्या मध्यात दुसरं बी, पण गच्चीवर, कुंड्यांत. धनत्रयोदशीला कुंड्या खाली आणून पायऱ्यांवर मांड. पाहुण्यांना काय कळतंय!
आखणी रांगोळीने कर. चार दिवस घरातले लोक कुठून चालतात ते बघ, पोरं कुठून धावतात ते बघ, तीच वाट ठेव, तीन फूट रुंद. वाफा चार फुटांहून रुंद नको, नाहीतर मधलं गवत काढायला वाफ्यातच उभं राहावं लागतं.
लहान मूल आहे का घरात? असेल तर कण्हेर आणि पिवळी बिट्टी नको. दोन्ही विषारी.

रिंगरोडपार
काकू, साष्टांग नमस्कार! काल ह्यांनी गच्चीवरून दोरीला दगड बांधून सोडला. घर 26 फूट निघालं, म्हणजे ऊन आणखी लवकर पळणार. एस्टिमेट परत केलं. माळीदादा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मोगरा तरी माझ्याकडूनच घ्या." पाऊस लागला की घेईन. घरात तीन वर्षांचा चिरंजीव आहे, त्यामुळे कण्हेर बाद.
एक राहिलं. फूटभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओतलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं. खणताना सिमेंटचे गठ्ठे आणि विटांचे तुकडे निघाले.

काळीमाती
तो मलबा आहे, नव्या घरांत सगळीकडे असतो. वरवर माती पसरून झाकू नका. वाफे जिथे करायचे तेवढीच जागा दीड फूट खणा आणि मलबा बाहेर काढा. आपली माळव्याची काळी माती मुळातच जरा अल्कधर्मी (आम्लाच्या उलट), त्यात सिमेंट-चुना मिसळला की पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. अनंताचं झाड तर हमखास रुसतं, हौस असेल तर कुंडीत लावा.
वाळू टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून द्या. थोड्या वाळूने काळी माती विटेसारखी घट्ट होते. तीन भाग तीच माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, सोबत मूठभर निंबोळी पेंड. शेण ताजं नको, वाळवी येते. वाफा जमिनीपेक्षा नऊ इंच वर घ्या, कडेला विटा उभ्या लावा, म्हणजे पावसाळ्यात मुळं कुजणार नाहीत. हे सगळं पावसाआधी उरका, ओल्या काळ्या मातीत फावडं घातलंत तर ढेकळं वर्षभर फुटत नाहीत.
उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचा चार बोटं थर वाफ्यावर घाला. पाणी एक दिवसाआड आलं तरी भागतं आणि भेगाही पडत नाहीत. पानं गोळा करायला लाजू नका, मी सकाळी फिरायला पोतं घेऊनच निघतो.