शस्त्रक्रियेविना स्पायनल डिकम्प्रेशन: रुग्णाने कितपत अपेक्षा ठेवावी?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत. त्यांच्या कंबरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते आणि पायाच्या अंगठ्यात मुंग्या येतात. एमआरआयमध्ये एल४-एल५ या मणक्यांमधील गादी सरकून नसेवर दाब आल्याचे दिसले. अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची घाई नाही असे सांगून औषधे आणि फिजिओथेरपी सुचवली. दरम्यान एका खाजगी केंद्राने डिकम्प्रेशनच्या २४ बैठकांचे पॅकेज सांगितले असून पूर्ण रक्कम आधीच भरावी लागणार आहे. यंत्राने गादी पुन्हा जागेवर बसते, हा त्यांचा दावा खरा मानावा का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, पुणे)

ताई, डिकम्प्रेशन हा मुळात ट्रॅक्शनचाच, म्हणजे मणक्यांना ओढ देण्याच्या उपचाराचाच, संगणकनियंत्रित प्रकार आहे. रुग्णाला दोन भागांच्या टेबलावर झोपवून छातीभोवती आणि कंबरेखाली पट्टे बांधतात. यंत्र हळूहळू ताण वाढवते, थोडा वेळ धरून ठेवते, सैल करते आणि पुन्हा ओढते. एक बैठक साधारण अर्धा-पाऊण तास चालते. त्या वेळी बहुतेकांना दुखत नाही, उलट पाठ मोकळी झाल्यासारखी वाटते. नंतर मात्र काहींचे स्नायू आखडतात. ताण सुटताना कळ वाढत असेल, तर ते लगेच सांगावे.

१९९४ साली मोजक्याच रुग्णांच्या गादीतील दाब मोजून, ताण देताना तो शून्याखाली जातो असे दाखवण्यात आले आणि जाहिरातींचा सारा डोलारा बहुतांशी त्यावर उभा आहे. परंतु रुग्ण उठून उभा राहिला की शरीराचा भार मणक्यांवर पुन्हा येतो, त्यामुळे तेवढ्यावरून गादी कायमची आत गेली असे म्हणता येत नाही. कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्ण होते. कंबरदुखीत, सायटिका (नस दाबल्याने पायात जाणारी कळ) असो वा नसो, ट्रॅक्शनमुळे वेदना किंवा हालचालीत फारसा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये या दुखण्यासाठी ट्रॅक्शन देऊ नये असेच सांगितले आणि अमेरिकेतील मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा अशा यंत्रोपचाराचा खर्च देत नाही. जाहिरातीतील ‘एफडीए मान्यता’ (एफडीए म्हणजे अमेरिकेची औषध व उपकरण नियामक संस्था) या शब्दांनीही भारावून जाऊ नये, कारण अशा यंत्रांना ती बहुधा बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाशी साम्य दाखवून मिळालेली असते. त्यासाठी रुग्ण बरे होतात हे सिद्ध करावे लागत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, सायटिकाचे बहुसंख्य रुग्ण दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरेच सुधारतात आणि गादीचा बाहेर आलेला भाग अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते. पॅकेजचा कालावधीही साधारण तेवढाच असल्यामुळे निसर्गाने केलेल्या कामाचे श्रेय यंत्राला मिळते.

प्रतिसाद (ठाणे)

मी हा उपचार घेतला आहे. टेबलावर असताना आणि नंतर काही तास खरोखर हलके वाटत असे, पण लोकलमध्ये उभ्याने प्रवास केला की कळ परतायची. पुढे मी बरा झालो. मात्र त्याच काळात चालणे आणि शिकवलेले व्यायामही नियमित सुरू होते, त्यामुळे गुण कशाने आला हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे आभार. तरीही यजमानांची इच्छा असेल, तर थोड्या बैठका घेऊन पाहण्यात धोका आहे का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, पुणे)

हाडे ठिसूळ झालेली असतील, मणक्याचे फ्रॅक्चर, गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल, मणक्यात स्क्रू बसवलेले असतील किंवा पोटातील महाधमनी फुगलेली असेल, तर हा उपचार घेऊ नये. गरोदरपणातही तो टाळतात. यांपैकी काही नसल्यास, आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून आणि प्रत्येक बैठकीचे पैसे वेगळे देण्याच्या अटीवर पाहता येईल. पाच-सहा बैठकांत पायातील कळ वर कंबरेकडे सरकत नसेल किंवा चालण्याचे अंतर वाढत नसेल, तर तिथेच थांबावे. घेतलाच तर व्यायामाच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

मात्र पाऊल उचलताना लोंबू लागले, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरील ताबा सुटला, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. ती तातडीची अवस्था असते, आणि अशा वेळी रात्र असली तरी न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय त्याच क्षणी गाठावे.