सोसायटी, अपार्टमेंट, सिडको की पागडी? घराच्या मालकीचे अनुभव सांगा

पुण्यात जुना फ्लॅट बघतोय. एजंटचं एकच पालुपद: "सोसायटी काय, अपार्टमेंट काय, सगळं सारखंच हो." सारखंच असेल तर कागद वेगळे का? दर आणि एरिया यांवर चर्चा पुष्कळ झाली. तुमच्या घराची मालकी कोणत्या प्रकारची आणि त्यापायी काय निस्तरावं लागलं, तेवढं लिहा.

कोथरूडकर
आमचं अपार्टमेंट, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं. डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त, थेट माझ्या नावावर, जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला. मेंटेनन्सही त्याच टक्क्यांनी, म्हणून थ्री बीएचकेवाले दर मीटिंगला कुरकुरतात. मला हे बरं वाटतं. घेताना डीड ऑफ डिक्लरेशन (अख्ख्या इमारतीचा घोषणापत्राचा दस्त) मागून घ्या. पार्किंग आणि गच्ची कोणाची, हे त्यात कळतं. एजंटच्या तोंडी हमीला अर्थ नाही.

ठाण्याची सून
आमची सोसायटी. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) होतं, म्हणून सासरे निर्धास्त. रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा प्रॉपर्टी कार्ड (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा) काढलं, तर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर! मोफा या फ्लॅटविक्रीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर व्हायला हवी होती. बिल्डरचा फोन लागेना. शेवटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स करून घेण्याचा अर्ज केला. त्यात बिल्डरची सही लागत नाही, पण कागद गोळा करताना जीव जातो. प्रत्येक फ्लॅटचा नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा, सभासदांची यादी. दोघे सभासद वारलेले, त्यांच्या मुलांना नॉमिनी आणि वारस यांतला फरक समजावण्यातच कित्येक रविवार गेले. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरोघरी सांगायला हवं.) ऑर्डर मिळाली, पण ती नोंदवून कार्डावर नाव चढवणं हे वेगळंच प्रकरण. दादा, जुना फ्लॅट घेताय ना? "कन्व्हेयन्स झालंय का?" हा पहिला प्रश्न. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले तर भाव पाडून मागा.

नेरूळ
सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची) जमीन, ६० वर्षांचा भाडेपट्टा. रिसेलला घेतलं तेव्हा सिडकोचं हस्तांतरण शुल्क भरावं लागलं, बँकेनेही सिडकोची एनओसी मागितली. राहायला काडीचाही त्रास नाही. फक्त व्यवहारात हा खर्च कोणाचा, ते आधी लिहून घ्या. आमच्यात ऐनवेळी वाजलं.

गिरगावातला
आमची पागडी, म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली खोली. खरं तर आम्ही भाडेकरूच. भाडेपावती आजोबांच्या नावाची, ती वडिलांच्या नावावर करून घेताना मालकाने घाम काढला. खोली विकायची तर मालकाला वाटा द्यावा लागतो, आणि घेणाऱ्याला गृहकर्ज मिळणं अवघड, म्हणून गिऱ्हाईक रोकडवालंच. पण भाडं इतकं कमी की चाळ सोडवत नाही. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) आहे, पुनर्विकास झाला तर किमान ३०० चौरस फूट कार्पेट मालकीहक्काने मिळेल. आईचा हिशेब त्यावरच चाललाय, बिल्डरचा अजून पत्ता नाही.

नाशिक
वर कोणी वर्ग २ बद्दल लिहिलं नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मोक्याची जागा, दर कमी, असं दिसलं की आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा, टोकन नंतर.

धागाकर्ता
ठाण्याच्या ताई, आज एजंटला तुमचा प्रश्न विचारला. "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला.