कानात क्लिक घालून वाजवणाऱ्या बँडला लाइव्ह म्हणायचं का?

कानसेन
परवा एका बऱ्यापैकी मोठ्या रॉक बँडचा शो पाहिला. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर भांडण त्या नावावरूनच होईल. वाजवलं निर्दोष, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि तिसऱ्या गाण्यानंतर मी घड्याळ बघायला लागलो! सगळ्यांच्या कानात क्लिकची, म्हणजे लय बांधून ठेवणाऱ्या यंत्राची टकटक, कोरस आणि की-बोर्ड लॅपटॉपमधून. गिटारवाल्याला सोलो अजून दोन आवर्तनं ताणावासा वाटला तरी ताणता येणार नाही, लॅपटॉप थोडाच थांबतोय.

माझं मत सरळ आहे: जे बिघडू शकतं तेच लाइव्ह. द हू या इंग्लिश रॉक बँडने फेब्रुवारी 1970 मध्ये लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवलं, त्याची रेकॉर्ड ऐका. खरखर आहे ती राहू द्या, दुरुस्त करू नका, असं तिच्या लेबलवरच लिहिलेलं होतं. त्यांचा गिटारवाला पीट टाउनशेंड मध्येच भलतीकडे निघतो आणि बाकीचे त्याच्यामागे धावतात. ही धावपळ ऐकायला मी शोला जातो. घरी ऐकायला रेकॉर्ड आहेच की.

फेडरवाला
द हू यांचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. 1971 नंतर त्यांच्या काही गाण्यांत सिंथेसायझर टेपवरून वाजायचा. त्यांचा ड्रमर कीथ मून, ज्याला सगळे वादळ म्हणतात, तो त्या गाण्यांत डोक्यावर हेडफोन चढवून टेपबरोबर ठेका धरायचा. तो मून लाइव्ह नव्हता का?

क्वीन या बँडचंही तेच. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातला ऑपेरासारखा भाग स्टेजवर गाणं शक्यच नव्हतं. तिथे टेप लागायची आणि चौघंही सरळ विंगेत जायचे. शेवटच्या भागाला धडाक्यात परत यायचे. फसवलं म्हणून कुणी आरडाओरडा केल्याचं ऐकलं नाही.

मी साउंडच्या टेबलामागे उभा असतो, म्हणून मागच्या रांगेची बाजू मांडतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. शंभर मीटरवरच्या माणसाला स्क्रीनवर काठी पडलेली दिसते आणि ठोका ऐकू येतो पाव सेकंदाहूनही उशिरा. मध्ये स्पीकरचे मनोरे उभारले, तर प्रत्येकाचा आवाज मोजून मागे रोखावा लागतो, नाहीतर एकाच ठोक्याचे दोन होतात. हे जमलं नाही तर तुमची धावपळ पहिल्या वीस रांगांपुरतीच. बाकीच्यांना नुसता गोंगाट.

भुईनळा
दोघंही स्टेजकडेच बघताय. समोरच्या गर्दीचं काय? 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली स्टेडियम, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा लाइव्ह एड कार्यक्रम. क्वीनला जेमतेम वीस मिनिटं. लख्ख उजेड, त्यामुळे दिव्यांचा खेळ नाही की धूर नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसत्या 'एऽओ'वर सत्तर हजारांकडून ताना घेतो. एक फेक, एक झेल. त्यात ना क्लिक ना गिटार! गर्दीला वाद्यासारखं वाजवता येणं, एवढीच माझी कसोटी.

कानसेन
म्हणजे माझाच मुद्दा झाला. ती तान आधी लिहिलेली नव्हती.

फेडरवाला
तान नसेल, पण ती वीस मिनिटं त्यांनी आधी तालीम करून बसवलेली होती. त्याच दिवशी अपुऱ्या तयारीने उतरलेल्या लेड झेपेलिन या बँडचं काय झालं तेही आठवा. 2004 मध्ये त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली, तेव्हा त्यांनी स्वतःचाच भाग द्यायला नकार दिला. बिघडू शकत होतं, आणि बिघडलं. पुरेसं लाइव्ह होतं ना?

कानसेन
टोमणा पोचला. पण मग 20 नोव्हेंबर 1973 घ्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस, द हू यांचाच शो. कीथ मून ड्रमवरच कोसळला. टाउनशेंडने समोरच्यांना विचारलं, कुणाला ड्रम वाजवता येतात का? एकोणीस वर्षांचा एक पोरगा वर चढला आणि त्याच्यासोबत त्यांनी तीन गाणी वाजवली. लॅपटॉपवाल्या बँडच्या बाबतीत हे कधी तरी होईल का?

फेडरवाला
कार्यक्रमाचा किस्सा मोठा असणं वेगळं आणि कार्यक्रम मोठा असणं वेगळं. ती तीन गाणी तुम्ही कितीदा ऐकलीत? किस्सा मात्र शंभरदा सांगितला असेल.

भुईनळा
😄 हे मात्र पटलं.

चौथी तार
इतके दिवस नुसती वाचत होते. मी बेस वाजवते, चौघांचा बँड, तीन वर्षं क्लिकवर. एका शोमध्ये आमच्या गायकाने दुसरा अंतरा गाळून थेट कोरस धरला. ड्रमरने माझ्याकडे पाहिलं, मी बेसच्या मानेने खूण केली, पुढच्या समेवर आम्ही तिघंही त्याच्याबरोबर. आता लॅपटॉपला कोण खूण करणार? कोरसभर तो गप्प. आम्ही हळू वाजवायच्या भागात आलो, तर मागून आमच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात दणदणीत 'ओऽऽऽ'. पुढची पोरं फिदीफिदी हसली. ड्रमरने एका हाताने ठेका चालू ठेवून दुसऱ्याने वायर उपटली.

त्यानंतरची चार मिनिटं आम्ही आजवरचं सगळ्यात बरं वाजवलं. कानातली टकटक गेल्यावर ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघण्यावाचून इलाजच नव्हता. लय कोरसला थोडी चढली, पुन्हा खाली बसली, आणि बसताना चौघं एकत्र बसलो.

पण कानसेन, ते चुकल्यामुळे छान झालं असं नका म्हणू. एकमेकांचं वाजवणं आम्हाला पाठ होतं म्हणून निभावलं. न ऐकता वाजवणारा बँड क्लिकशिवायही मेलेलाच असतो. 1965 मध्ये शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर पंचावन्न हजार लोक किंचाळत होते, चौघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. ड्रमर रिंगो पुढच्यांच्या हलणाऱ्या पाठी बघून गाणं कुठे आलं ते ओळखायचा. पुढच्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे बंद केले ते उगाच नाही. भुईनळा, तिथे गर्दी तर भरपूर होती बरं का.

भुईनळा
ती गर्दी ऐकत नव्हती. वेम्बलीची ऐकत होती. ठीक आहे, कसोटी थोडी दुरुस्त करतो.

फेडरवाला
चौथी तार, वायर उपटली म्हणजे साउंडवाल्याच्या स्पीकरमधून केवढा 'फट्' आला असेल! त्याची माफी मागितलीत का?

चौथी तार
मागितली, चहाही पाजला. लॅपटॉप अजून आहे, पण आता ड्रमरच्या पायाशी तो बंद करायचं पेडल बसवलंय.

कानसेन
कुठल्या गाण्यात दाबता?

चौथी तार
ते त्यालाच विचारा. आम्हालाही आधी सांगत नाही.